पालुद्झाचं चर्च आणि इंदापूरचे नाना

क्राकोहून बुडापेस्टला जाणाऱ्या गटांना मी स्लोव्हाकियातल्या लिप्तोव भागात थांबवते. तिथे स्वॅटी क्रीझ नावाच्या गावाबाहेर, कुरणाच्या कडेला लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचं एक प्रचंड लाकडी चर्च उभं आहे. टूर मॅनेजरच्या कामात सगळ्यांना आवडणारी ठिकाणं ठरलेली असतात: किल्ला, नदीवरची बोट, खरेदी. हे चर्च त्या यादीत कधीच नव्हतं. पण इंदापूरकडचे एक नाना माझ्या गटात आले, त्या दिवसापासून हा थांबा माझ्यासाठी वेगळाच झाला.

बसमध्ये मी नेहमीप्रमाणे इतिहास सांगितला. सतराव्या शतकात हा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता आणि गादीवर हाब्सबुर्ग घराण्याचा कॅथलिक राजा लिओपोल्ड पहिला होता. प्रोटेस्टंटांची चर्चं काढून घेतली जात होती, पाद्री हाकलले जात होते. उठाव झाले, तेव्हा 1681 मध्ये शोप्रोन शहरात भरलेल्या हंगेरीच्या विधिसभेने थोडी मोकळीक दिली: ठरलेल्या परगण्यांत प्रत्येकी दोन ठिकाणी लुथरन लोकांनी चर्च बांधावं. पण तेही गावकुसाबाहेर, लाकडाचं, मनोरा न उभारता. वर्षभरात पुरं करायचं आणि लोखंडी खिळा वापरायचा नाही, असंही तिथले लोक सांगतात. अशा लाकडी चर्चपैकी आज पाचच उरली आहेत. या अटींमागचा हेतू उघड होता, ही माणसं फार दिवस टिकू नयेत आणि त्यांची चर्चंही टिकू नयेत.

लिप्तोवच्या वाट्याच्या दोन जागांपैकी एक पालुद्झा. तिथलं पहिलं चर्च पुरेनासं झालं, म्हणून 1774 मध्ये योझेफ लांग या सुताराने आज दिसतं ते उभं केलं, वर्षाच्या आत. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, नकाशा न काढताच त्याने काम केलं, असं सांगतात. आत पाच-सहा हजार माणसं मावतात म्हणे. बाहेरून पाहिलं तर हे भव्य धान्याचं कोठारच वाटतं. आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. क्रूसाच्या आकाराची वास्तू, वर फळ्यांचं कमानदार छत आणि चारही बाजूंना लाकडी खांबांवर पेललेले सज्जे. लुथरन उपासनेत प्रवचन महत्त्वाचं आणि तेही लोकांच्या भाषेत, त्यामुळे प्रत्येकाला पाद्री दिसला पाहिजे आणि त्याचा शब्द ऐकू आला पाहिजे. सज्जे आहेत ते त्यासाठी.

एवढं सांगून मी म्हटलं, "पण हे चर्च मुळात इथलं नाही. वाह नदीवर लिप्तोव्स्का मारा धरण बांधलं, तेव्हा पालुद्झासकट दहा-बारा गावं पाण्याखाली गेली. 1974 पासून चर्च सुटं केलं आणि इथे आणून पुन्हा जोडलं. 1982 मध्ये काम पुरं झालं."

मागच्या सीटवरून नाना उठून पुढे आले. तोवरच्या प्रवासात ते फारसे बोललेच नव्हते. "ताई, गाव बुडालं आन् देऊळ वाचलं, हे समजलं. माणसांचं काय केलं?"

नाना उजनीचे धरणग्रस्त. भीमेचं पाणी चढायला लागलं तेव्हा ते विशीत होते. नातवाने हट्टाने त्यांना या सहलीला आणलं होतं.

चर्च दाखवायला एक आजी येतात. आमच्या स्थानिक गाइड मुलीमार्फत मी नानांचा प्रश्न त्यांना विचारला. आजी थांबल्या, हातातली किल्ली बाकावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी पालुद्झाचीच."

पुढचा तासभर मी मराठीतून इंग्रजीत आणि ती मुलगी इंग्रजीतून स्लोव्हाकमध्ये, अशी ये-जा चालू राहिली. गटातले बाकीचे फोटो काढून बाहेर गेले, हे दोघं बाकावरच. नानांचे प्रश्न एकदम नेमके होते. जमीन मिळाली का? घराचे पैसे कोणी ठरवले? सगळी आळी एकत्र राहिली की पांगली? आजींनी सांगितलं की त्यांना लिप्तोव्स्की मिकुलाश शहरात फ्लॅट मिळाला. शेजार पांगला. आई-वडिलांना तिसऱ्या मजल्यावर करमेना, गुरं तर विकावीच लागली. नाना प्रत्येक उत्तरावर "व्हय, व्हय" म्हणत होते. ते मला भाषांतरित करावंच लागलं नाही.

मग नाना म्हणाले, "आमचं घर आम्हीच मोडलं. सागाची तुळई काढली, बैलगाडीत घातली, नव्या जागी पत्र्याखाली लावली. अजून हाये." आणि उठून ते चर्चचे खांब बघू लागले. तुळई खांबावर बसते तिथल्या सांध्यावरून बोट फिरवलं. लाकडी खुंटी कुठे ठोकली आहे ते दाखवलं. "हे नवं लाकूड," एका फिकट वाशाकडे बघून म्हणाले, "हे जुनं. कुऱ्हाडीनं तासलेलं. बघा की, पात्याच्या खुणा." मी इतक्यांदा तिथे उभी राहिले असेन, पण त्या खुणा मला कोणी दाखवल्या नव्हत्या. तासलेल्या पृष्ठभागावर एकामागे एक उथळ खाचा, सगळ्या एकाच कलत्या दिशेने. तासणारा कुठल्या बाजूला उभा होता, तेही नानांनी सांगितलं.

आजी त्यांना एका काळपट खांबापाशी घेऊन गेल्या. त्यांचं कुटुंब जुन्या जागी असताना याच खांबाशेजारी बसायचं. लग्नही इथेच झालेलं, म्हणजे याच चर्चमध्ये, पण त्या गावात.

आजींनी उलट विचारलं, तुमच्या गावचं देऊळ हलवलं का? नाना म्हणाले, "शेजारी पळसदेवला पळसनाथाचं मोठं दगडी देऊळ. देव वर नव्या देवळात आणला, जुनं पाण्यातच ऱ्हायलं. दुष्काळाच्या साली पाणी उतरलं की उघडं पडतं. मग आमच्याकडची माणसं गाड्या काढून बघायला जात्यात." आजींनी ते दोनदा विचारून घेतलं. पालुद्झा कधीच वर येत नाही, म्हणाल्या. पाण्याच्या काठाला फक्त लिप्तोव्स्का मारा गावच्या जुन्या चर्चचा मनोरा उरला आहे.

हे चर्च हलवलं ते चांगलंच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वर्षाच्या आत बांधलेली वास्तू जपून उतरवून पुन्हा जोडायला आठ वर्षं दिली, हे थोडंथोडकं काम नव्हे. पण सहलींच्या माहितीपत्रकात धरण एका ओळीत येतं आणि जणू चर्चनेच जागा बदलायचं ठरवलं, अशा थाटात मजकूर पुढे सरकतो. पालुद्झाचे लोक त्या मजकुरात कुठेच नसतात. उजनीबद्दलही आपल्याकडे असंच लिहितात: फ्लेमिंगो, बोटिंग, मासे.

लाकडी चर्चमधली ह्रोन्सेक, लेश्तिनी आणि केझमारोक ही तीन 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पालुद्झाचं नाही. त्यामुळे कार्यालयातून दर हंगामात सूचना येते की हा थांबा गाळून ह्रोन्सेक घ्या, वाटेवरच आहे. ह्रोन्सेक सुंदरच आहे, मी तेही दाखवते. पण स्वॅटी क्रीझची वेळ मी अर्ध्या तासावरून दीड तासावर नेली आहे. बसमध्ये आता आधी धरणाबद्दल सांगते, मग चर्चबद्दल. आणि गटात कोयना, उजनी किंवा जायकवाडीकडचं कोणी आहे का, हे निघायच्या आधीच विचारून ठेवते.