अमेरिकन ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये अकराच गाणी का?

बीटल्सच्या जुन्या रेकॉर्डबद्दल नेहमी येणारा प्रश्न साधारण असा असतो: ‘मामांनी अमेरिकेहून आणलेल्या रिव्हॉल्व्हरवर अकराच गाणी आहेत, नेटवर मात्र चौदा दिसतात. आमची नकली आहे का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. नकली मुळीच नाही. १९६६ साली अमेरिकेत तो अल्बम तसाच विकला गेला.

इंग्लंडमध्ये बीटल्सच्या रेकॉर्ड पार्लोफोन या लेबलवर निघत. एलपीवर चौदा गाणी, आणि एकेरी रेकॉर्डवर (सिंगल) निघालेली गाणी शक्यतो त्यात घ्यायची नाहीत, अशी तिथली रीत. ज्याने सिंगल विकत घेतलं त्याला तेच गाणं पुन्हा का विकायचं? अमेरिकेत त्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कॅपिटॉल कंपनीचा हिशेब नेमका उलटा होता. हिट सिंगल नसलेला अल्बम खपत नाही, असं तिथले लोक धरून चालत. त्यात रॉयल्टीचा मामला वेगळा. इंग्लंडमध्ये गीतकार-संगीतकारांचा वाटा रेकॉर्डच्या किमतीच्या सव्वासहा टक्के असे आणि तो सगळ्या गाण्यांत वाटला जाई, म्हणजे गाणी वाढवली तरी कंपनीचा खर्च तेवढाच. अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर गाण्यामागे २ सेंट होता. चौदा गाण्यांचे २८ सेंट, अकराचे २२. शिवाय कापलेली गाणी फुकट जात नव्हती, ती साठवून पुढचा अल्बम उभा करता येत होता. निवड आणि क्रम बहुतांशी कॅपिटॉलच्या डेव्ह डेक्स्टर ज्युनियर यांच्या हातात होते.

सुरुवातीचं उदाहरण बघा. ‘विथ द बीटल्स’मधल्या चौदापैकी दुसऱ्यांची पाच गाणी काढली, ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’, ‘धिस बॉय’ आणि ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ घातली, आणि जानेवारी १९६४ मध्ये बारा गाण्यांचा ‘मीट द बीटल्स’ बाजारात आला. काढलेली पाचही गाणी एप्रिलमधल्या ‘सेकंड अल्बम’वर चढली.

‘रिव्हॉल्व्हर’चं नुकसान मात्र खरंच मोठं झालं. जून १९६६ मधल्या ‘यस्टरडे अँड टुडे’साठी कॅपिटॉलला गाणी कमी पडत होती, म्हणून ‘आयम ओन्ली स्लीपिंग’, ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’ आणि ‘डॉक्टर रॉबर्ट’ आधीच उचलली गेली. तिन्ही बँडमधल्या जॉन लेननची. ब्रिटिश अल्बमवर मुख्य आवाज लेननचा असलेली पाच गाणी आहेत, अमेरिकन अल्बमवर उरतात दोन. बाकीच्यांपैकी पॉल मॅकार्टनीची पाच आणि जॉर्ज हॅरिसनची तीन जशीच्या तशी. त्यामुळे अमेरिकेत तो अल्बम ऐकणाऱ्याला लेनन बाजूला सरल्यासारखा वाटतो, आणि तसं काही घडलेलंच नव्हतं. (‘लव्ह यू टू’ दोन्हीकडे आहे, तेव्हा अनिल भागवतांचा तबला तुमच्या मामांच्या प्रतीतही वाजतो.)

अमेरिकन ‘रबर सोल’ या अल्बमबद्दल माझं मत वेगळं आहे. ‘ड्राइव्ह माय कार’, ‘नोव्हेअर मॅन’, ‘व्हॉट गोज ऑन’ आणि ‘इफ आय नीडेड समवन’ गेली. त्यांच्या जागी ब्रिटिश ‘हेल्प’वरची दोन आली, आणि त्यांतल्या ‘आयव्ह जस्ट सीन अ फेस’ने अल्बम सुरू होतो. अकूस्टिक गिटारचा तो वेगळाच सूर पहिल्या मिनिटातच लागतो आणि शेवटपर्यंत टिकतो. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनला ज्या ‘रबर सोल’ने झपाटलं, तो हाच बारा गाण्यांचा. कात्रीने केलेलं काम कधी कधी बरं जमून जातं.

हा क्रम घरी लावून बघायचा असेल तर पहिली बाजू अशी: आयव्ह जस्ट सीन अ फेस, नॉर्वेजियन वुड, यू वोन्ट सी मी, थिंक फॉर युअरसेल्फ, द वर्ड, मिशेल. दुसरी: इट्स ओन्ली लव्ह, गर्ल, आयम लुकिंग थ्रू यू, इन माय लाइफ, वेट, रन फॉर युअर लाइफ. पण आवाज हुबेहूब तसा येणार नाही. अमेरिकन स्टीरिओ प्रतीत ‘आयम लुकिंग थ्रू यू’ची गिटार सुरू होते, अडखळते, थांबते आणि मग गाणं लागतं, ते आजच्या नेहमीच्या आवृत्तीत नाही. शिवाय ‘हेल्प’ आणि ‘रबर सोल’ १९८७ मध्ये सीडीवर आले तेव्हा बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी दोन्हींचं स्टीरिओ मिक्सिंग नव्याने केलं होतं.

जुनी प्रत विकत घेताना कव्हरवरचा नंबर आधी वाचा. कॅपिटॉलवर ‘टी’ म्हणजे मोनो (दोन्ही स्पीकरवर एकच आवाज), ‘एसटी’ म्हणजे स्टीरिओ. रिव्हॉल्व्हर टी २५७६ किंवा एसटी २५७६. पार्लोफोनवर ‘पीएमसी’ मोनो, ‘पीसीएस’ स्टीरिओ. कोलकात्याजवळ दमदमला छापलेल्या भारतीय पार्लोफोन प्रती सहसा ब्रिटिश यादीच्याच असतात. कडेला इंद्रधनुषी पट्टा असलेलं काळं लेबल दिसलं की विक्रेता ‘साठच्या दशकातली’ म्हणतो. ते लेबल ऐंशीच्या दशकात परत आलं होतं, तेव्हा तेवढ्यावर पैसे मोजू नका.

‘एसटी’ लिहिलंय म्हणून खरा स्टीरिओ असेलच असंही नाही. कॅपिटॉलकडे फक्त मोनो टेप असली की ते ‘ड्युओफोनिक’ करत: एका बाजूला खालचे सूर, दुसऱ्या बाजूला वरचे, आणि दोन्हींत किंचित वेळेचा फरक. ‘बीटल्स ’६५’च्या स्टीरिओ प्रतीवर ‘आय फील फाइन’ ऐका. वर भरपूर घुमाराही ओतलाय, बँड न्हाणीघरात वाजवतोय असं वाटतं. अशा अल्बमची मोनो प्रत मिळाली तर तीच घ्या.

‘यस्टरडे अँड टुडे’ हाती लागली तर कव्हर तिरप्या उजेडात धरा. पांढरे कोट, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या असलेला रॉबर्ट व्हिटेकरचा मूळ फोटो ओरड झाल्यावर मागे घेतला गेला, आणि बऱ्याच कव्हरांवर ट्रंकेचा नवा फोटो चिकटवून ती पुन्हा विकली गेली. ट्रंकेच्या उजवीकडच्या पांढऱ्या भागात ड्रमर रिंगोच्या गळ्याजवळच्या कपड्याचा काळा त्रिकोण पुसट दिसला, तर खाली जुना फोटो आहे. तो वाफ देऊन सोलायला जाऊ नका. वरच्या कागदाबरोबर खालची छपाईही निघते आणि किंमत तिथेच पडते.

सीडीवर कॅपिटॉलचा मूळ आवाज हवा असेल तर २००४ आणि २००६ चे दोन संच शोधा, त्यांत मोनो आणि स्टीरिओ दोन्ही आहेत. दुसऱ्या संचाच्या पहिल्या खेपेत ‘रबर सोल’ आणि ‘बीटल्स सिक्स’चा मोनो म्हणून स्टीरिओच एकत्र करून दिला गेला होता, तेवढं विक्रेत्याला विचारून घ्या. २०१४ चा तेरा सीडींचा संच दिसायला देखणा आहे, पण त्यात बरीचशी गाणी २००९ च्या रीमास्टरमधून (मूळ टेपवरून नव्याने साफ केलेल्या आवृत्तीतून) घेतली आहेत, म्हणजे क्रम अमेरिकेचा आणि आवाज लंडनचा. नुसता क्रमच हवा असेल तर वर दिलेली यादी लावा, फुकटात काम होईल.