शेणखतासाठी थांबलेले सात आठवडे

बेळगावच्या पश्चिमेला आमची वीस गुंठे जमीन आहे. भाताची कापणी झाल्यावर गेल्या हंगामात तिथे ढबू मिरची लावायचे ठरवले. ठिबक आणि रोपे यांची तजवीज वेळेत झाली, मात्र शेणखताने जे अडवले त्याचा राग अजून गेलेला नाही.

वर्षभर कुजलेले आहे, असे सांगून एका ओळखीच्या माणसाने दोन ट्रॉल्या बांधावर ओतल्या. ढिगात हात घातला, तर आत कढत लागले, वास उग्र होता आणि वैरणीच्या काड्या जशाच्या तशा होत्या. चांगले कुजलेले खत काळपट, भुसभुशीत व थंड असते आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. रोपे महिन्याची झाली होती, त्यामुळे "आणलंच आहे तर टाकून मोकळे होऊ या," असे घरच्यांचे म्हणणे पडले. परंतु आदल्या वर्षी कोबीला असेच अर्धेकच्चे खत घातल्यावर काय झाले, ते मी विसरलो नव्हतो. काड्या कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, म्हणून रोपे पिवळी पडून खुंटली होती. वर खतातून आलेली हुमणी (मुळे कुरतडणारी अळी) आणि तण वेगळेच. या वेळी तर वर मल्चिंग पेपर, म्हणजे वाफा झाकणारा प्लास्टिकचा पातळ कागद, अंथरायचा होता. कच्च्या खताची ऊब आणि अमोनिया पेपरखाली कोंडतात व कोवळ्या मुळांना भाजतात, आणि एकदा पेपर ताणला की खालचे खत सुधारता येत नाही.

म्हणून ढीग पुन्हा रचला. मूठ आवळली तर ओल जाणवेल पण पाणी ठिबकणार नाही इतके पाणी शिंपडले, ट्रायकोडर्मा ही कुजवायला मदत करणारी बुरशी मिसळली, पिंजराने (भाताच्या पेंढ्याने) झाकले आणि दर दहा-बारा दिवसांनी खालवर केले. पाहण्याची रीत सोपी आहे: लोखंडी सळई ढिगात पाच मिनिटे खुपसून ठेवावी आणि काढून हात लावावा. मी ती रोज सकाळी काढून पाहत होतो आणि ती रोज गरमच निघत होती. सात आठवड्यांनी ती थंड निघाली तेव्हा मला खरोखर हायसे वाटले, परंतु तोवर पहिली रोपे ट्रेमध्ये जून होऊन वाया गेली होती आणि नवी विकत घ्यावी लागली.

पुढचे काम तीन दिवसांत उरकले. खत गादीवाफ्यात नीट मिसळले आणि २५ मायक्रॉनचा पेपर चंदेरी बाजू वर ठेवून अंथरला. त्या बाजूवरून परतणाऱ्या उजेडाने मावा आणि फुलकिडे कमी येतात, तर खालच्या काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही. पेपर अंथरण्याआधी ठिबक चालवून प्रत्येक छिद्र तपासावे, हे आधीच सांगायला हवे होते. चार गुंठ्यांना पेपर पुरला नाही, तिथे रोपे रुजल्यावर दोन-तीन इंच पिंजर पसरले, खोडापासून थोडे दूर. पेपरवरचा पहिला तोडा आठवडाभर आधी आला. उन्हाळ्यात मात्र पिंजराखालची माती जास्त गार राहिली आणि त्या चार गुंठ्यांत फुलगळ कमी दिसली.

यंदा खत मे महिन्यातच पाहायला गेलो. सळई सोबत नेली होती, आणि ती थंड निघाल्यावरच ट्रॉली भरू दिली.