तुम्ही विचारलंत म्हणून: रूळ आहेत, मग गाडी का नाही?

रेल्वेतलं थोडंफार कळतं असं एकदा लोकांना समजलं की बेळगाव-खानापूर भागात एक प्रश्न चुकत नाही. 'जुने रेल्वेमार्ग दुर्लक्षित पडलेत. ते नीट चालू केले तर सीमाभागातली माणसं जवळ येतील, देश जोडला जाईल, असं सगळेच म्हणतात. मग घोडं अडतं कुठं?' तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी 'दुर्लक्षित' म्हणजे काय ते बघू. बेळगाववरून जाणारा मिरज-लोंढा हा मुख्य मार्ग काही मेलेला नाही. वर विजेच्या तारा आल्या, सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारतही त्यावरून धावते. दुर्लक्ष झालंय ते त्याच मार्गावरच्या सुळधाळ, पाच्छापूर, इदलहोंड, गुंजी असल्या स्टेशनांचं. वंदे भारत तिथून वाऱ्यासारखी जाते. फलाटावरच्या माणसाच्या हाती धूळ. दुसरं दुर्लक्ष अळणावर-दांडेलीसारख्या फाट्याचं, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेल्या छोट्या लाईनीचं. आणि तिसरं, जे मार्ग अजून कागदावरून जमिनीवर उतरलेच नाहीत त्यांचं. तिन्हींचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी, पण भाषणात तिन्ही एकाच पिशवीत भरतात.

मिरज-लोंढा मार्ग घातला सदर्न मराठा रेल्वेनं. कंपनीची स्थापना १८८२ ची, आणि तिचं पहिलं काम होटगी-गदग, १८८४ ला सुरू झालेलं. १८७६-७८ च्या दुष्काळात माणसं मेली ती धान्य वेळेत पोचलं नाही म्हणून, त्यातून आलेली ही रेल्वे. नावात 'मराठा', मुख्य कचेरी धारवाडात, वर्कशॉप हुबळीत. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत ही मूळची याच कंपनीची कचेरी. सीमावादावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी ती एकदा बघून यावी.

आता रुळांकडं येऊ. पडून असलेला जुना मीटरगेजचा मार्ग ब्रॉडगेज करायचा तर नुसते रूळ लांब सरकवून भागत नाही. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: मीटरगेज १००० मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६. जुना भराव, म्हणजे रुळांखालचा मातीचा बांध, अरुंद असतो. आज एकेरी ब्रॉडगेजच्या भरावाला वरच्या बाजूला ७.८५ मीटर रुंदी लागते. जुन्या भरावाला नुसती माती चिकटवली की पहिल्याच पावसात ती बाजूनं घसरते. त्यासाठी जुन्या उतारावर पायऱ्या कापून, थराथरानं माती टाकून रोलर फिरवावा लागतो. वळणांचंही तसंच. अंश जितके जास्त तितकं वळण तीव्र. मीटरगेजला १६ अंशांपर्यंतचं वळण चालायचं, ब्रॉडगेजला १० अंशांच्या पलीकडं जाता येत नाही. म्हणजे डोंगराळ भागात जुनी वाट जागोजागी सोडावी लागते, आणि वाट सोडली की नवी जमीन आली, जमीन आली की कोर्ट आलं.

एक किलोमीटर मार्गाला सामान किती लागतं ते ऐका. ६० किलोचा रूळ, म्हणजे मीटरला ६० किलो. दोन रूळ धरून किलोमीटरला १२० टन लोखंड. रुळांखाली आडवे टाकायचे काँक्रीटचे स्लीपर १६६०. प्रत्येक स्लीपरला चार क्लिपा, म्हणजे ६६४० क्लिपा, तितकेच लायनर, आणि ३३२० रबर पॅड. स्लीपरखाली निदान ३०० मिलिमीटर खडीची गादी. खडी काळ्या कठीण दगडाची आणि टोकदारच हवी. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, रूळ जागचा हलतो.

एवढं करूनही मार्ग बिघडतो तो बहुतेक वेळा मातीनं. आपल्या जिल्ह्यात ती दोन तऱ्हेची. अथणी, रायबाग, गोकाककडं काळी, खानापूरकडं तांबडी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरून गाडी गेली की ओला चिखल खडीच्या फटीतून पंपासारखा वर येतो आणि खडी खाली रुतते. गँगमन आज रूळ उचलून टॅम्पिंग करतात, म्हणजे खाली खडी ठोकून भरतात, पंधरा दिवसांत तीच जागा परत बसते. त्यावर इलाज एकच, मातीच्या आणि खडीच्या मधे मुरमाचा किंवा खाणीतल्या दगडी भुग्याचा जाड थर. कंत्राटदार वाचवतो तो नेमका हाच थर, कारण वर खडी पडली की तो कुणाला दिसत नाही. खानापूरच्या बाजूला दुखणं पाण्याचं. कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापलेल्या जागेच्या, माथ्यावर पाणी अडवणारा चर नसेल किंवा पाल्यानं तुंबला असेल, तर डोंगराची माती सरळ रुळावर येते. जूनच्या आधी हे चर साफ झाले की नाहीत, एवढं बघितलं तरी निम्मा पावसाळा सुखाचा जातो.

वेल्डिंगचं एक सांगून पुढं जातो. दोन रुळांच्या टोकांत साधारण २५ मिलिमीटर फट ठेवून त्यात वितळलेलं पोलाद ओततात. साचा सादळलेला असेल किंवा रूळ पुरेसे तापवले नसतील, तर आत बुडबुडे राहतात. बाहेरून सांधा आरशासारखा दिसतो, तडा नंतर जातो. म्हणून प्रत्येक सांध्याची अल्ट्रासोनिक तपासणी. शेवटी येतात रेल्वे सुरक्षा आयुक्त. ते रेल्वे खात्याचे नव्हेत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखालचे; ज्यानं मार्ग बांधला त्यानंच तो पास करू नये म्हणून ही सोय. त्यांच्या शिफारशीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी चालत नाही.

अळणावर-दांडेलीचा फाटा सुमारे २५ किलोमीटरचा, दांडेलीच्या लाकडासाठी घातलेला. प्रवासी गाडी बंद पडून वर्षं लोटली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये धारवाड-आंबेवाडी (आंबेवाडी म्हणजे दांडेलीचं स्टेशन) पॅसेंजर सुरू झाली आणि पुढच्याच मार्चमध्ये करोनानं देशभरच्या गाड्या थांबवल्या, त्यात तीही थांबली. नव्या गाडीला लोकांच्या सवयीत बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हिला पाच महिनेही मिळाले नाहीत. असल्या फाट्यावर सिग्नलचा मोठा खर्चही लागत नाही. 'एका वेळी एकच गाडी' ही रेल्वेच्या नियमांतली मान्य पद्धत आहे. फाट्यावर एक गाडी गेली की ती परत येईपर्यंत दुसरी सोडायचीच नाही. दोन्ही टोकांना केबिन असलेली डेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली डिझेलची गाडी, लावली तर शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवायला वेगळी लाईन नको. मोठा खर्च उरतो फाटकांचा. चोवीस तासांच्या एका फाटकाला आठ-आठ तासांची तीन माणसं, वर सुट्टीला बदली माणूस. बेळगावातल्या टिळकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटाशी ज्यांनी उन्हात गाड्या उभ्या केल्यात त्यांना फाटक म्हणजे काय ते सांगायला नको. फाटकाऐवजी भुयारी रस्ता करतात तेव्हा पाणी काढायचा पंप आणि त्याचं वीजबिल कुणी भरायचं हे आधी ठरवून घ्या. नाहीतर जुलैत तिथं विहीर तयार.

कागदावरच्या मार्गांबद्दल थोडक्यात. बेळगाव-कित्तूर-धारवाड ७३ किलोमीटर, दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांच्या काळात पुढं सरकलेला. आज लोंढ्यावरून वळसा घालून जावं लागतं त्यात तासाच्या आसपास वाचेल. अडलाय जमिनीवर, गर्लगुंजी-नंदिहळ्ळी भागातले शेतकरी पिकाची जमीन सोडून माळावरून न्या म्हणतात, आणि ते म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कुडची-बागलकोट १४२ किलोमीटर, २०१०-११ मध्ये मंजूर, बागलकोटकडून मुंगीच्या पावलानं येतोय. निपाणी-संकेश्वरकडून कोल्हापूरला थेट मार्गाची मागणी तर आजोबांच्या काळची. आज बेळगावहून रेल्वेनं कोल्हापूर म्हणजे मिरजेपर्यंत १३८ आणि पुढं ४८ किलोमीटर. हायवेनं ११० च्या घरात. 'सर्व्हे मंजूर' झाला की आपल्याकडं फटाके वाजतात. सर्व्हे म्हणजे मार्ग नव्हे. त्यानंतर अंतिम आखणी, प्रकल्प अहवाल, मंजुरी, राज्याचा वाटा, भूसंपादन. आणि अर्थसंकल्पाच्या पिंक बुकात, म्हणजे रेल्वेच्या कामांच्या तरतुदींच्या यादीत, हजार रुपयांची नाममात्र तरतूद दिसली तर समजा, प्रकल्प जिवंत आहे पण श्वास तेवढाच चाललाय.

खरं दुखणं वेळापत्रकात आहे. मिरज ही मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, आणि मिरज सोडली की लोंढ्यापर्यंत नैऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग. राज्यांची सीमा जिथं आहे जवळजवळ तिथंच रेल्वेचीही शीव. दोन्हीकडचे अधिकारी आपापलं वेळापत्रक चोख करतात. समजा, बेळगावकडून येणारी पॅसेंजर मिरजेत दहाला पोचते आणि पंढरपूरकडची पावणेदहाला सुटलेली असते. दोन्ही गाड्या वेळेवर! पण पाच्छापूरच्या माणसाला मिरजेच्या फलाटावर तीन तास बसावं लागतं, आणि पुढच्या खेपेला तो बसनं जातो. पंढरपूरवरून जाणारा मिरज-कुर्डुवाडी हा जुन्या बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा मोठं काम झालं. बेळगावकडून पंढरपूरला डबा न बदलता जाता येईल अशी वाट खुली झाली. विठ्ठलाला मराठी आणि कानडी दोघंही जातात. आषाढी-कार्तिकीला खास गाड्याही निघतात, पण रोजचा मेळ बसवणं हे त्याहून अवघड काम आहे.

म्हणून मागणीपत्र लिहाल तेव्हा 'आमच्या गावाला गाडी द्या' असं लिहू नका. कुठल्या नंबरची गाडी, किती वाजता यावी, मिरजेत किंवा लोंढ्यात पुढची कुठली गाडी धरायची आहे, मधे किमान किती मिनिटं हवीत, हे लिहा. वीस मिनिटं धरा. दहाच ठेवलीत तर एक क्रॉसिंग, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देणं, लांबलं की सगळं कोसळतं. पत्र हुबळी आणि पुणे दोन्ही विभागांना एकाच मजकुराचं जाऊ दे. थांबा मागताना हेही ध्यानात घ्या, की वेळापत्रकात एक मिनिट दिसलं तरी लांब एक्सप्रेसला ब्रेक लावून, उभं राहून, परत वेग घ्यायला पाच-सहा मिनिटं जातात. म्हणून रेल्वे एक्सप्रेसचा थांबा द्यायला कुरकुर करते, आणि त्यात तिची चूक नाही. लहान स्टेशनाला हवी ती मेमू, म्हणजे डेमूसारखीच पण विजेवरची गाडी, जी पटकन उचलते आणि पटकन थांबते. तारा आल्यात, तर बेळगाव-मिरज मेमू मागणं हे आता हट्टाचं राहिलेलं नाही.

आता जोडण्याबिडण्याचं. सीमावाद पेटला की पहिल्यांदा एसटी थांबते. डिसेंबर २०२२ ला थांबली, फेब्रुवारी २०२५ ला थांबली. बसवर राज्याचं नाव असतं, काळं फासायला ती सोपी. रेल्वेच्या डब्यावर ना कर्नाटक लिहिलेलं ना महाराष्ट्र, आणि ती हायवेवरच्या, सीमेजवळच्या कोगनोळीच्या नाक्यावरून जातही नाही. बस बंद असताना मिरजेच्या दवाखान्यात निघालेला रायबागचा पेशंट त्याच पॅसेंजरनं जातो. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला सांगली-कोल्हापूरकडची माणसं कर्नाटकात उतरतात, तेव्हा स्टेशनावर कुणी कुणाची भाषा विचारत नाही. विचारतात ते परतीच्या गाडीची वेळ. ती गाडी संध्याकाळी सोयीची असली तर पुढच्या वर्षी आणखी माणसं येतात. एकात्मता म्हणून जे काही म्हणतात, ते माझ्या मते या परतीच्या गाडीच्या वेळेवर अवलंबून आहे.

भाड्याचंही बघा. करोनानंतर पॅसेंजरांच्या नंबराला पुढं शून्य लागलं आणि कमीत कमी भाडं १० चं ३० झालं. दोन स्टेशनांसाठी ३० कोण देणार? लोक वडापकडं, म्हणजे खासगी जीप-टेंपोकडं, वळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये १० रुपये परत आले, माणसं मात्र तितक्या लवकर परतत नाहीत.

शेवटची गोष्ट तिकिटाची. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, म्हणजे बेळगाव-मिरज १३८ किलोमीटर त्यात बसतं. पण सुळधाळचा माणूस 'कोण बघतंय' म्हणून बिनतिकीट चढतो किंवा सोयीचं म्हणून पास बेळगावहून काढतो. मग सुळधाळच्या नावावर विक्री दिसते जवळजवळ शून्य. थांबा ठेवायचा की काढायचा हे ठरवताना हुबळीत फलाटावरची गर्दी कुणी मोजत नाही, स्टेशननिहाय विक्रीचा तक्ता उघडतात. तेव्हा पास काढताना खिडकीवर स्पष्ट सांगायचं: सुळधाळ ते मिरज.