तिया म्हणजे आत्या की मामी?

लॉस एंजेलिसमध्ये आता नऊ वर्षं झाली, त्यातली दोन वर्षं दर शनिवारी मी इथल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये फॉर्म भरायला मदत करते. येणाऱ्या बायका बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमालाच्या, कुणी लोकांची घरं साफ करतं, कुणी शिलाईच्या कारखान्यात जातं, इन्शुरन्स बऱ्याच जणींकडे नाहीच. ब्रेस्ट कॅन्सर घराण्यातून आलाय का, बीआरसीए टेस्ट, म्हणजे ज्या दोन जीन्समधल्या बिघाडाने तो घराण्यात येतो त्यांची तपासणी, करायला हवी का, हे आधी नातेवाईकांची चौकशी करूनच ठरवतात. कागदावर वंशावळ काढायची, बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कॅन्सर झाला असेल तर तो काळा करायचा.

पण स्पॅनिशमध्ये आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या 'तिया'च! आपल्याकडे आत्या म्हटलं की बाबांची बहीण, विषय संपला. इथे खोदून विचारावं लागतं, कारण काकू-मामी रक्ताच्या नाहीत, त्या धरल्या तर हिशोबच चुकतो. आणि वडिलांकडचं तर कुणी सांगतच नाही, हा आजार आईकडूनच येतो असं वाटतं सगळ्यांना. खरं तर जीनमधला बिघाड वडिलांकडूनही तसाच येतो, प्रत्येक मुलाला-मुलीला 50 टक्के शक्यता. आणि बीआरसीए 1 किंवा 2 मध्ये बिघाड असेल तर बाईला 80 वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर व्हायची शक्यता साधारण 70 टक्के, म्हणून ही आत्या सुटून चालत नाही.

मागच्या शनिवारी मेक्सिकोतल्या प्वेब्लाची एक बाई आली, 38 वर्षांची. घरात कुणाला कॅन्सर? एक तिया. ती निघाली मामी. म्हणजे कागद कोराच. आमच्याकडे एक प्रोमोतोरा आहेत, आपल्या आशाताई असतात ना तशा, त्याच वस्तीत राहणाऱ्या. त्यांनी कॅन्सर हा शब्दच काढला नाही, नुसतं विचारलं, वडिलांच्या बहिणी कशाने गेल्या गं? तिला माहीत नव्हतं. 16 वर्षं ती सीमेपलीकडे गेलेली नाही, कागदपत्रं नाहीत, गेली तर परत येता येणार नाही, दोन्ही आत्यांच्या मातीला ती नव्हती. मग तिथूनच आईला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला, स्पीकरवर. आई आधी म्हणाली देवाची मर्जी, मग हळूहळू सांगायला लागली, एकीचं पोट फुगत गेलं आणि चाळिशीतच गेली, दुसरीच्या छातीवर जखम होती, ती कुणाला दाखवायची नाही, वर कपडा बांधून स्वयंपाक करायची. कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर यातलं काही नाही.

मला फार वाईट वाटलं, रागही आला. मेक्सिकन कुटुंबांमध्ये बीआरसीए 1 मधला एक मोठा तुकडाच गळाल्याचं सापडतं, तो त्यांच्याकडचाच जुना दोष, आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनची अक्षरं ओळीने वाचणाऱ्या तपासणीत, तो निसटायचा. म्हणजे जी पोचली तिच्यासाठीही टेस्ट नीट नव्हती. 2013 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या जीन्सवरचं एका कंपनीचं पेटंट रद्द केल्यावर टेस्टच्या किमती उतरल्या, तरी साफसफाई करणाऱ्या बाईला आधी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून इथवर यावं लागतं, ते कोण मोजतं?

दोन्ही आत्यांचे गोल काळे केले, कारण पोट फुगणं हे अंडाशयाच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं आणि तोही याच बिघाडातून येतो. तिने कागदाचा फोटो काढला, शिकागोच्या बहिणीला पाठवायला, आणि जाताना दारातून परत येऊन विचारलं, भावानेपण करायची का टेस्ट? प्रोमोतोरा म्हणाल्या, हो, त्याला दोन मुली आहेत ना.