सबमर्सिबल पंपांपासून सोनारपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापुरात ‘सबमर्सिबल’ म्हटले की बोअरमध्ये सोडायचा पंप, याखेरीज दुसरे काही कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्यामुळे शिवाजी उद्यमनगरातील आमच्या मोटार वाइंडिंगच्या वर्कशॉपकडे युरोपातील एका गृहस्थांनी ‘सबमर्सिबलसाठी केबलचा पाणीबंद जॉइंट करून मिळेल का’ अशी विचारणा केली, तेव्हा आम्ही उलट त्यांच्या मोटारीचा एचपी विचारला. उत्तरादाखल त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये अर्धवट उभ्या असलेल्या, एका माणसापुरत्या पाणबुडीचा फोटो पाठवला.

अशा पाणबुड्या घरी बांधणारे हौशी लोक परदेशात आहेत, हे आम्हाला त्या दिवशी समजले. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेल्या जॉर्ज किट्रेज यांची के-२५० ही एकासनी पाणबुडी २५० फूट खोलीसाठी आखलेली होती. हौशी मंडळींचे काम साधारण याच पट्ट्यात चालते. आमचे जॉइंट बोअरमध्ये ३०० फुटांवर वर्षानुवर्षे टिकत होते, त्यामुळे ते काम अवघड गेले नाही. पुढच्या पत्रात त्या युरोपीय गृहस्थांनी सोनारविषयी, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्यातील अंतर मोजणाऱ्या यंत्राविषयी, विचारले आणि आमचा धंदा तिथून वळला.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही, कारण रेडिओ लहरी पाण्यात शिरल्याबरोबर विरतात. दिव्याचाही फारसा उपयोग होत नाही. आंबोली घाटात धुके असताना हेडलाइट अप्पर केला की रस्ता दिसायचा थांबतो, तसाच प्रकार गढूळ तळ्यात होतो. उरतो तो आवाज. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा आवाज पाण्यात सुमारे १,५०० मीटर जातो आणि गढूळपणाने त्याचे फारसे बिघडत नाही.

उपकरणाचे काम सांगायला सोपे आहे. पिझो सिरॅमिकच्या, म्हणजे वीज दिली की थरथरून आवाज काढणाऱ्या, चकतीला २०० किलोहर्ट्झचा विजेचा क्षणभर झटका द्यायचा, प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा भाग आमच्या धाकट्या भावाने सहा महिन्यांत उभा केला. चकती पाण्यात टिकवणे आणि तिच्यापुढची हवा घालवणे, यात मात्र आमची दोन वर्षे गेली. चकतीच्या तोंडावरच्या इपॉक्सीत टाचणीच्या डोक्याएवढे काही बुडबुडे राहिले, तरी आवाज तिथूनच मागे फिरतो. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर उलटा जोडून आम्ही व्हॅक्यूम तयार केला; काचेच्या बरणीत ठेवलेले इपॉक्सी उतू जाणाऱ्या दुधासारखे वर येते, मग फेस बसतो, आणि तो पूर्ण बसल्याशिवाय ओतायचे नाही, हा नियम पाच-सहा चकत्या वाया गेल्यावर ठरला. आणखी एक धडा फार स्वस्तात मिळाला. हाताचा तेलकटपणा चकतीच्या तोंडावर राहिला की तिथे हवेचा पातळ थर चिकटतो आणि प्रतिध्वनी येतच नाही. तेव्हापासून पाण्यात सोडण्यापूर्वी भांड्याच्या साबणाने चकतीचे तोंड धुणे सक्तीचे आहे.

पहिली चाचणी आम्ही करवीर तालुक्यातील एका नातेवाइकांच्या विहिरीत घेतली आणि तिथे पुरते गोंधळलो. गोल भिंतीवरून आवाज इतक्या वेळा परतत होता, की पडद्यावर एका विहिरीच्या चार विहिरी दिसत होत्या. नंतर शेततळे गाठले, बांबूला यंत्र बांधले, आणि टेपने मोजलेले अंतर व पडद्यावरचे अंतर प्रथमच जुळले.

खरी फजिती त्यानंतर झाली. पहिल्या संचांत आम्ही चकतीच्या मागे बुचाचे लाकूड लावले होते. बुचात हवा असते, त्यामुळे आवाज मागे न जाता पुढे फेकला जातो. शेततळ्यात यंत्र उत्तम चालले. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो हे पाठ असूनही, दाबाखाली बूच चेपणार हे आमच्या लक्षात आले नाही. ग्राहकाच्या सरोवरात ३० मीटरवर गेल्यावर पडदा कोरा झाला. तो संच आम्ही स्वखर्चाने परत मागवला आणि बुचाऐवजी टंगस्टनची पूड मिसळलेले इपॉक्सी वापरू लागलो. त्याचा दुसरा फायदा असा झाला, की झटका दिल्यावर चकती घंटेसारखी घुमत राहायची, ते कमी झाले. हे घुमणे एक मिलिसेकंद चालले, तरी समोरचे पाऊण मीटर आंधळे राहते.

चकती फिरवून चहूकडे पाहणाऱ्या, म्हणजे फिरत्या डोक्याच्या, सोनारसाठी आत तेल लागते. एरंडेल तेलातून आवाज जवळपास पाण्यातल्यासारखाच जातो आणि ते वीज वाहू देत नाही. लक्ष्मीपुरीत आम्ही एकदम दहा लिटर मागितले, तेव्हा दुकानदाराने घरी सगळ्यांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली. हे डोके २०० पावलांत एक फेरी करते आणि प्रत्येक पावलाला प्रतिध्वनीसाठी थांबते. वीस मीटरवरून प्रतिध्वनी यायला सुमारे २७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका फेरीला पाच सेकंदांहून अधिक वेळ जातो. एवढ्या वेळात पाणबुडी स्वतः पुढे सरकलेली असते, हे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. ५० मिलिमीटरच्या चकतीचा आवाजाचा झोत नऊ-दहा अंशांचा असल्याने दहा मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर रुंदीतली वस्तू एकच ठिपका होऊन दिसते. ठिपका खडक आहे की बुडालेले झाड, हे त्यावरून कळत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर बुडालेल्या मोटारींची रांग दाराबाहेर गेली आणि सोनारचे काम काही महिने फडताळात पडून राहिले. त्या मोटारींनीच वर्कशॉप तारले, हेही खरे आहे. निर्यातीत वेगळा ताप आहे. सोनार या शब्दामुळे नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराच्या वस्तूंची सरकारची स्कोमेट यादी तपासल्याशिवाय खोके हलत नाही.

आता प्रत्येक संच पाठवण्यापूर्वी फ्लँज लावलेल्या जाड पाइपात, हाताच्या हायड्रो टेस्ट पंपाने, चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या दाबाखाली, म्हणजे सुमारे १०० मीटर पाण्याइतक्या दाबाखाली, रात्रभर ठेवला जातो. सकाळी दाबाचा काटा खाली आला, की आत पाणी शिरले असे समजून संच उघडायचा अशी पद्धत होती. एका थंडीत लागोपाठ तीन निर्दोष संच उघडून पाहिल्यावर उमगले, की रात्री पाणी थंड झाल्यानेही काटा उतरतो. तेव्हापासून शेजारी दुसरा पाइप नुसताच पाण्याने भरून, तेवढाच दाब देऊन ठेवतो आणि सकाळी दोन्ही काटे एकत्र पाहतो.