प्रमाणपत्र सेमिनरीचं, पाळकपण मंडळीचं

नाशिकमध्ये एखादा मुलगा प्रभूच्या सेवेचं शिक्षण घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: कोणत्या बिशपांकडे? शरणपूर रोडच्या शहरात तो साहजिकच आहे. शरणपूरची ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, आणि ती संस्था बिशप मानणाऱ्या अँग्लिकन पंथाची. १९७० साली नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात बाप्टिस्टांचाही एक गट गेला. स्वतंत्र बाप्टिस्ट त्या वाटेला गेले नाहीत. त्यांच्यात बिशप नाही, डायोसिस म्हणजे बिशपांचा धर्मप्रांत नाही, वरून बदलीचा हुकूम नाही. म्हणूनच त्यांची सेमिनरी, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारी शाळा, पाळक नेमत नाही, ती फक्त शिकवते. नेमते ती मंडळी, म्हणजे त्या त्या चर्चचे सभासद.

हे ध्यानात न घेता आलेल्या मुलाची तीन वर्षं भलत्याच अपेक्षेत जातात. 'कोर्स संपला, आता मला चर्च द्या' असं म्हणायला इथे कोणी साहेबच नसतो.

त्यामुळे प्रवेशअर्जातला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे मंडळीचं शिफारसपत्र. 'मुलगा चांगला आहे' एवढ्या एका ओळीचा काही उपयोग नाही. बाप्तिस्मा कधी झाला, सभासद किती वर्षं आहे, संडे स्कूल किंवा घरसभा स्वतः चालवली आहे का, डोक्यावर कर्ज आहे का, लग्न झालं असेल तर बायकोची तयारी आहे का, हे सगळं त्यात यावं. नव्या करारातल्या १ तीमथ्य ३ आणि तीत १ मध्ये पाळकाकडून मागितलेली लक्षणं बहुतेक स्वभावाची आणि घरची आहेत, परीक्षेच्या गुणांची नाहीत. दुसरी गोष्ट पदवीची. अनेक स्वतंत्र सेमिनऱ्या ईश्वरविद्येच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरशी किंवा इतर कोणाशी संलग्न नसतात, काही तर तत्त्व म्हणूनच नसतात. पुढे दुसरीकडे शिकायचं असेल तर ही पदवी तिथे चालेल का, ते आधीच लेखी विचारून घ्यावं.

खरी मेहनत उपदेशाच्या वर्गात. बायबलमधला उतारा निवडताना वचनांच्या आकड्यांवर जाऊ नये, ते आकडे सोळाव्या शतकात पडले. विचार जिथे सुरू होतो तिथून तो संपतो तिथपर्यंत घ्यावं. आठ-दहा वेळा मोठ्याने वाचावं, क्रियापदं वेगळी लिहावीत, मुख्य क्रियापद शोधावं आणि मग सगळ्या उताऱ्याचं म्हणणं एका वाक्यात मांडावं. ते वाक्य जमत नसेल तर उतारा अजून कळलेला नाही. मुद्दे पाडायची घाई तोवर करू नये.

घोटाळा होतो तो उपदेशाचे इंग्रजी आराखडे उचलल्याने. तिकडच्या उपदेशकांना 'पर्पज, पॉवर, प्रॉमिस' अशी एकाच अक्षराची माळ आवडते. मराठीत ती 'उद्देश, सामर्थ्य, अभिवचन' होते आणि तिचा दोराच तुटतो. मत्तय २८:१९-२० चं उदाहरण तर बोलकं आहे. इंग्रजी आराखड्यात पहिला मुद्दा बहुधा 'जा'. नवा करार मुळात ज्या भाषेत लिहिला गेला त्या ग्रीकमध्ये तिथल्या आज्ञेचं मुख्य क्रियापद एकच आहे, 'शिष्य करा'. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याला जोडलेली धातुसाधितं आहेत. आपल्या पवित्र शास्त्रात पहिलं धातुसाधित 'जाऊन' असंच आलं आहे, म्हणजे मराठी इथे मूळ वाक्यरचनेला अगदी लागून चालते. तरीही मुलं 'जा' हाच मथळा करतात.

ग्रीकची धास्ती घेऊ नये. नव्या करारात पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा येणारे सुमारे ३२० शब्द पाठ केले तर मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग ओळखीचा होतो. रोज दहा नवे आणि जुन्यांची उजळणी. बुडतात ते उजळणी सोडणारे. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या कोकणा आदिवासी मुलांना वेगळंच ओझं असतं, कारण ग्रंथातली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. 'नीतिमान ठरवणे' हा शब्द घरी आजीला तिच्या बोलीत समजावून सांगता येतो का, ही चाचणी वर्गातल्या पेपरपेक्षा कडक आहे.

बाप्तिस्मा बुडवून द्यायचा, त्यामुळे तो हाताने शिकावा लागतो. पाणी कमरेच्या थोडं वर हवं. वाहत्या पाण्यात उमेदवाराचं तोंड प्रवाह जातो त्या बाजूला ठेवावं. मागे झुकवल्यावर डोकं वरच्या अंगाला येतं, पाणी नाकात शिरत नाही आणि उठवताना प्रवाहच हात देतो. एक हात पाठीशी, दुसरा त्याच्या छातीवर जुळवलेल्या हातांवर, आणि गुडघे त्याने स्वतः वाकवायचे. ते ताठ ठेवले की पाय सटकतात आणि दोघंही पडतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर गोदावरीत उतरण्याचा विचारही नको, टाकी बरी.

दीक्षेच्या, म्हणजे पाळक म्हणून नेमण्याच्या वेळी बहिणमंडळ्यांचे, म्हणजे त्याच विश्वासाच्या इतर मंडळ्यांचे पाळक बोलावतात. ते उमेदवाराला साक्ष, पाचारण (सेवेसाठी देवाचं बोलावणं) आणि सिद्धांत यांवर प्रश्न विचारतात, शिफारस करतात, मग मंडळी मत देते आणि हात ठेवले जातात. त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवर, पाठ केलेलं उत्तर सगळे देतात. 'दोन डीकन (मंडळीचे सेवक) पैशावरून भांडले तर काय कराल?' म्हटलं की खोली शांत होते.

हात ठेवले म्हणजे लग्न लावायचा अधिकारही आला, असं मात्र नाही. सेमिनरीत हे क्वचितच सांगतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपकडून दीक्षा मिळालेल्यांना वेगळी सोय आहे. स्वतंत्र बाप्टिस्ट पाळकाला ती लागू होत नाही, त्याला राज्य सरकारचा परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी लग्न साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचं, पाळकाखेरीज दोन साक्षीदार हवेत आणि नोंदवही नीट ठेवायची. नेमणूक झाल्याबरोबर अर्ज टाकावा. परवाना हातात येईपर्यंत मंडळीतलं लग्न मॅरेज रजिस्ट्रारपुढे होऊ द्यावं, आणि पाळकाने त्यानंतर प्रार्थना करावी.