एडोंची बैठक

२०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गोवराची साथ सुरू झाली, तेव्हा मी मिनिआपोलिसच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात नर्स होते. साथ संपेपर्यंत ७५ जणांना गोवर झाला. बहुतेक सगळी सोमाली कुटुंबांतली, लस न टोचलेली मुलं. इथल्या सोमाली समाजात २००४ साली दोन वर्षांच्या ९२ टक्के मुलांना एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस मिळालेली असायची. २०१४ मध्ये ते प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं होतं.

लसीमुळे मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं, ही भीती त्यामागे होती. तसं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्यानंतरही वेकफिल्ड मिनिआपोलिसला येऊन सोमाली पालकांना भेटून गेला. याचा मला आजही संताप येतो.

मे महिन्यात मिनिआपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड या सोमाली वस्तीत एडोंनी बायकांची बैठक बोलावली. एडो म्हणजे सोमालीत आत्या. वस्तीत सगळे त्यांना तसंच म्हणत. सोमालियातल्या यादवीतून निसटून, केनियातल्या दादाबच्या छावणीत राहून त्या अमेरिकेत आल्या होत्या. मुलांसाठी सोमाली आणि इंग्रजीत गोष्टींची पुस्तकं लिहायच्या. कुणाचा भाडेकरार वाचायचा असो की शाळेतून बोलावणं आलेलं असो, लोक आधी त्यांचं दार वाजवत.

मी माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, “ती नंतर वाटू. आधी आज्या बोलतील, तू ऐक.”

चहा फिरला. एका आजींनी त्यांच्या गावातला गोवर सांगितला. ताप, पुरळ, मग छाती भरून येणं. त्यांची दोन मुलं एकाच आठवड्यात गेली होती. दुसरीने डोळे गेलेल्या भावाचं सांगितलं. एडो शेजारी बसून मला इंग्रजीत सांगत होत्या. तरुण आया गप्प झाल्या होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींनी गोवर कधी पाहिलाच नव्हता!

मग मांडीवर मूल घेतलेली एक आई जरा चिडूनच म्हणाली, “गोवर बरा होतो. माझ्या बहिणीचा मुलगा बोलायचा थांबला, तो बोलेल का?”

मी उत्तर द्यायला पुढे सरसावले, पण एडोंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या तिला खोटं ठरवायला गेल्या नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाची २०१३ ची पाहणी त्यांनी स्वतः वाचलेली होती. स्वमग्नतेचं प्रमाण सोमाली मुलांत ३२ पैकी एक आणि गोऱ्या मुलांत ३६ पैकी एक, म्हणजे जवळपास सारखंच. पण स्वमग्न सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमता जास्त आढळली होती. “तुझं दुःख खरं आहे,” त्या म्हणाल्या, “आपल्या मुलांना मदत हवी, हेही खरं. पण लसीला दोष देणाऱ्यांनी तुझ्या भाच्यासाठी काय केलं?” मग माझ्याकडे वळून, “तपासणी कुठे होते, किती दिवस थांबावं लागतं, ते हिला नीट सांग.”

लसीबद्दल बोलायची तयारी करून गेलेली मी पुढचा बराच वेळ वाचा-उपचाराबद्दल बोलत होते. मला वाटतं, आमच्या दवाखान्याने हे कितीतरी वर्षं आधी करायला हवं होतं.

निघताना काही आयांनी लसीसाठी वेळ घेतली. त्या आईने घेतली नाही. भाच्याच्या तपासणीसाठी मात्र तिने नाव लिहून दिलं, आणि दवाखान्यात तिच्यासोबत यायचं एडोंनी तिथेच कबूल केलं.